फळ कोणाच्या नावावर?

अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्या हातून चेंडू सुटल्यावर डाव सुरू होतो, त्याचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी क्वचितच असते. रांगेच्या मधोमध वाकलेला हा सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला जाऊन भिडतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन गडी असतात. पाच जणांची ही भिंत दोन-तीन सेकंद टिकली, तरच मागच्याला चेंडू फेकायला उसंत मिळते. पुढे फेकलेला चेंडू या पाच जणांनी सर्वसाधारणपणे झेलायचासुद्धा नाही, असा नियम आहे. काटलेले यार्ड मांडले जातात ते फेकणाऱ्याच्या, झेलणाऱ्याच्या आणि पळणाऱ्याच्या खात्यावर. चाहते या खेळातल्या सांघिकतेवर भाळतात ते इथेच, आणि ते योग्यही आहे. पण कौतुकाच्या पोटात एक जुना प्रश्न दडला आहे. ज्या कामाचे फळ नियमानेच दुसऱ्याच्या पदरात पडणार, ते काम माणूस जीव ओतून कशासाठी करतो?

आपल्याकडे याचे उत्तर तयार असते: निष्काम कर्म. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. मात्र त्याचा अर्थ आपण बहुतेकदा एकट्या माणसापुरता लावतो: मन आवरावे, निकालाकडे पाठ फिरवावी, शांत राहावे. या अर्थाला छेद देणारा दाखला खानदेशातच आहे. 1932मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून अशा अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक विनोबांचे म्हणून ओळखले जाते, आणि ते रास्तच आहे. पण ती लेखणी चालली नसती, तर ते शब्द त्या भिंतींच्या आतच विरले असते. निकालाची पर्वा नसलेला माणूस बोलणाऱ्याच्या वेगाने असे लिहीत राहत नाही. भिंत धरणाऱ्या गड्यालाही टचडाउन हवेच असते. दोघांनी सोडलेली गोष्ट एकच, फळावरचा आपल्या नावाचा शिक्का. आणि तो सोडायला दुसरे कोणीतरी लागते. आपल्या श्रमाचे फळ ज्याच्या ओंजळीत पडावे असा माणूसच नसेल, तर त्यागाला अर्थ उरत नाही. म्हणून निष्कामता ही गुहेत साधण्यापेक्षा संघात साधण्याची गोष्ट आहे, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, व्यावसायिक खेळाडू गलेलठ्ठ पैसे घेतो, त्याला कसला निष्काम म्हणता? आक्षेप खरा आहे, पण तो फार लांब जात नाही. मजुरी घेणारा सुतारही चौकट काटकोनात बसावी म्हणून झटतो. त्या घटकेला त्याचे लक्ष रंध्यावर असते, हिशेबाच्या वहीवर नसते.

दुसरा आक्षेप जड आहे. ‘ज्याने त्याने आपली जागा सांभाळावी, फळ मागू नये’ हा उपदेश या देशात शतकानुशतके कोणी कोणाला केला? 1936च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते आणि त्यांची उतरंड लावते. तिथे खालच्याला निष्कामता शिकवणे ही शुद्ध लबाडी ठरते. मग संघ आणि उतरंड यांत फरक कशाने करायचा? जन्माने मिळालेली जागा आणि कसबाने मिळवलेली जागा, हा पहिला फरक. जिंकल्यावर विजय सगळ्यांचा होतो की वरच्यांचाच, हा दुसरा. तिसरा फरक मात्र अमेरिकन मैदानापेक्षा पाचोऱ्यातल्या शाळेच्या मैदानावर जास्त स्पष्ट दिसतो. खो-खोत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पळणारा हाताशी आला, तरी खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही. उठले तर तो नियमभंग. पाठीवर थाप पडली, ‘खो’ ऐकू आला, की बसलेला उठतो आणि थाप देणारा त्याच जागी बसतो. धावण्याचा मान आणि बसण्याची शिस्त एकाच मिनिटात कितीदा तरी हात बदलतात. भिंत धरणाऱ्या अमेरिकन गड्याला सहसा अशी थाप मिळत नाही. या बाबतीत आपला खेळ त्या खेळाच्या पुढे आहे.

तेव्हा सांघिकतेचे गोडवे गाताना, मग ते मैदानावर असोत, कार्यालयात असोत की घरात, एक कसोटी हाताशी ठेवावी. ज्याला बसायला सांगितले आहे, त्याला कधीतरी खो मिळणार आहे का? मिळणार असेल, तर त्याचे बसणे हा धर्म आहे. नसेल, तर ती बेगार आहे. धुळ्यात दुसऱ्याचे शब्द टिपून घेणाऱ्या त्याच माणसाने 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात स्वतःची लेखणी उचलली आणि ‘श्यामची आई’ लिहिली.