काडतूस भरणारे यंत्र आणि अनर्थदंड

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरण्याचा छंद अमेरिकेत दीडशे वर्षांचा तरी आहे. त्या छंदात जुन्या यंत्रांवर जीव लावणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. जॉन बार्लो यांनी १८८४ साली न्यू हेवनमध्ये काढलेल्या आयडियल कंपनीचे पकडीसारखे हातयंत्र, सॅन डिएगोच्या स्टार मशीन वर्क्सचे प्रोग्रेसिव्ह प्रेस, फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये सुरू केलेल्या आरसीबीएसचे सुरुवातीच्या काळातले प्रेस, अशी यंत्रे ही माणसे शोधून काढतात. त्यांचा गंज उतरवतात, झिजलेला भाग बाजारात मिळत नसेल तर लेथवर स्वतः करतात आणि यंत्र पुन्हा चालते करतात. या कामातली निष्ठा पाहिली की मान लवते. पण त्या यंत्रातून शेवटी बाहेर पडते ते काडतूस. इतक्या निष्ठेने केलेले काम केवळ त्या निष्ठेमुळे चांगले ठरते का, हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते ठरत नाही, पण म्हणून ते वाईटही ठरत नाही. कुठपर्यंत ते निर्दोष आहे आणि कुठून दोष सुरू होतो, हे सांगणारे सर्वांत नेमके माप मला जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थाच्या आचारनियमांत सापडते.

आधी यंत्र काय करते ते नीट पाहू. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा जोड: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी स्फोटक टोपी, दारू आणि गोळी. झाडल्यावर तिन्ही खर्च होतात आणि किंचित फुगलेली पुंगळी तेवढी उरते. यंत्रातली डाय तिला दाबून मूळ मापावर आणते, एक बारीक दांडी जळलेली टोपी खालून बाहेर ढकलते, मग नवी टोपी, दारू आणि गोळी क्रमाने बसतात. हे घरी शक्य होते ते एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात काढलेल्या रचनेमुळे. तिच्यात पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे दांडी सरळ आत जाते. त्याच सुमारास हायरम बर्डन या अमेरिकी कर्नलने काढलेल्या रचनेत कडेला बारीक भोके असतात, तिथे दांडीला वाट नसते. अमेरिकेने आपल्या कर्नलची सोडून इंग्रजाची रचना उचलली आणि घरगुती भरणीचा छंद तिथेच फोफावला. स्टारच्या प्रेसमध्ये पुंगळ्या एका गोल ताटलीत उभ्या असतात. हँडल एकदा ओढले की प्रत्येक पुंगळीवर आपापल्या जागचे काम होते आणि दर ओढीला एक तयार काडतूस हाती येते. दारूचे माप एका सरकत्या पट्टीतल्या ठरावीक आकाराच्या भोकाने होते. हे यंत्र राखणे म्हणजे मुख्यतः टोपीच्या राखेशी झगडणे. ती राख बारीक रेतीसारखी दांड्यावर साचते, जुन्या ग्रीसमध्ये मिसळते आणि पोलादाला पोलाद घासायला लावते. ती वेळेवर पुसली तर यंत्र पिढ्या ओलांडते.

या छंदाचा पहिला बचाव ठरलेला असतो: अवजार तटस्थ आहे, पाप-पुण्य वापरणाऱ्याचे. यात तथ्य आहेच. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन या कॅन्ससच्या माणसाने सरकारची शिल्लक दारू विकत घेऊन ती छंदी लोकांना विकली. वीस मिलिमीटरच्या तोफांसाठी केलेली दारू अशा रीतीने लोकांच्या घरातल्या बाकावर आली आणि कागदी निशाण्यांवर खर्च झाली. वस्तूचा हेतू तिच्या पोटात कायमचा कोरलेला नसतो, याचा याहून चांगला पुरावा क्वचित मिळेल. तरीही हा बचाव पुरा पडत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आरंभीच लगाम करणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. लगामाची कला घोडेस्वारीसाठी, घोडेस्वारी युद्धकलेसाठी, अशी एक कला दुसरीच्या हाताखाली असते आणि खालच्या कलेचे प्रयोजन वरचीकडून येते. काडतूस भरण्याची कला नेमबाजीच्या हाताखाली आहे. वरच्या कलेचा विचार न करता खालची निर्दोष म्हणायची, तर विचार अर्ध्यावर सोडल्यासारखे होईल. आरसीबीएसचीच गोष्ट घ्या. युद्धकाळात गोळ्या मिळेनात, तेव्हा हंटिंग्टन यांनी पॉइंट बावीसच्या वापरलेल्या पुंगळ्यांतून गोळीचे आवरण करण्याची डाय बनवली. काटकसर आणि कारागिरी यांचा तो सुरेख नमुना आहे. ती गोळी मात्र रॉक चक, म्हणजे खडकांत राहणाऱ्या मार्मट या प्राण्यावर झाडण्यासाठी होती, आणि डायचे नावही त्यावरूनच पडले.

दुसऱ्या टोकाला बुद्धांचे वचन आहे. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपासून सम्यक आजीविका हा विषय महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पोचला आहे, तेव्हा हा निषेध आपल्याला परका नाही. पण तो व्यापाराचा आहे, आणि छंदी माणूस विकत नाही. अमेरिकेचा कायदाही रेघ इथेच ओढतो. विक्रीसाठी काडतुसे भरणाऱ्याला केंद्राचा परवाना लागतो, स्वतःपुरती भरणाऱ्याला लागत नाही. व्यापाराचा दोष टळला म्हणून सगळेच निभावले असे मात्र होत नाही. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची फोड करताना गरजेपोटीची हत्या आणि इच्छेपोटीची हत्या यांत भेद केला आहे. हा भेद छंदाला लावला की अडचण उघडी पडते. शेतकऱ्याला पीक राखायचे असते, शिपायाला सीमा. छंदाची व्याख्याच अशी की त्यात गरज नसते. मग गरजेच्या पलीकडे शस्त्राशी जे नाते जोडले जाते ते कोणते?

इथे अनर्थदंड कामाला येतो. जैन गृहस्थाच्या व्रतांत अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. अर्थावाचून, म्हणजे प्रयोजनावाचून घडणारी हिंसा थांबवायची. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, जमीन खणावी लागते, त्यातली हिंसा त्याच्या माथी आहेच. जी त्याला लागतच नाही ती मात्र त्याने सोडावी. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अशा निरर्थक हिंसेचे पाच प्रकार आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. यातले हिंसादान म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. त्या साधनांच्या यादीत तलवार आणि कुऱ्हाडीच्या शेजारी कुदळ आणि अग्नीही आहेत, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. शास्त्रकार शस्त्राची वेगळी अस्पृश्य जात मानत नाहीत. वस्तू कोणती यापेक्षा ती कोणाच्या हाती, कोणत्या अवस्थेत आणि किती बेसावधपणे सोडली, हे ते विचारतात. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कर्माच्या आस्रवाला, म्हणजे कर्म जीवाकडे वाहून येण्याला आधार होणाऱ्या निर्जीव वस्तूंचे, म्हणजे अजीवाधिकरणाचे प्रकार आहेत आणि त्यांत निर्वर्तना, निक्षेप आणि संयोग येतात: घडवणे, ठेवणे आणि जोडणे. टीकाकार निक्षेपाचे पुन्हा भेद करतात. न पाहता ठेवणे, नीट न पुसता ठेवणे, घाईत ठेवणे, लक्ष नसताना ठेवणे. काडतूस भरण्याच्या बाकावर अपघात कसे होतात, याची यादी कोणी आज करायला बसला तर तीही हीच निघेल.

संयोगाचा विचार तर थेट या यंत्राला भिडतो. श्रावकाचाराच्या परंपरेत अनर्थदंडविरतीच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, संयुक्ताधिकरण सांगितले आहे: ज्या अवजाराचे भाग जोडले की हिंसा होऊ शकते ते जोडलेल्या, तयार अवस्थेत ठेवणे. धनुष्याला बाण लावून ठेवू नये, उखळात मुसळ ठेवू नये. पितळ, शिसे, दारू आणि टोपी सुटी असतात तोवर एकाही वस्तूत कोणाचा जीव घेण्याची सिद्धता नसते. ती येते जोडातून, आणि जोडणे हेच या यंत्राचे एकमेव काम. म्हणून यंत्र पुसणे, तेल घालणे, त्याचा दांडा नव्याने घडवणे यात मला दोष दिसत नाही. तो धातूशी आणि कारागिराच्या बुद्धीशी केलेला व्यवहार आहे. दोषाचा विचार हँडल ओढल्यावर सुरू होतो, आणि दर ओढीला एक काडतूस देणाऱ्या यंत्रासमोर तो लवकर सुरू करावा लागतो. आज संध्याकाळी निशाण्यावर जितकी लागतील तितकी भरली, तर जोड लगेच सुटतो. शिसे मातीच्या बांधात जाते, पुंगळी परत बाकावर येते. पेट्याच्या पेट्या भरून तळघरात रचल्या, तर त्या माणसाने केवळ हाताला चाळा हवा म्हणून संयोगांचा साठा केला. दोन्हीकडे यंत्र एकच आहे आणि तेल घालणाराही तितकाच मन लावून घालतो.

छंदाच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा लक्ष देण्याचा आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. पॉइंट अडतीस स्पेशल हे काडतूस १८९८ मध्ये काळ्या दारूसाठी बेतले गेले. आजची धूरहीन दारू तिथे इतकी थोडी लागते की पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामी राहते. म्हणजे चुकून दुसरे माप पडले तरी ते आत मावते, वरून काही कळत नाही, आणि बंदूक हातात फुटते. जुन्या प्रेसमध्ये ही चूक अडवणारी आधुनिक सोय बहुधा नसते. तिथे दर पुंगळीत डोकावणारा डोळा हीच सोय. आपल्या चुकीचे फळ आपल्याच तळहातात येईल अशी कामे आताच्या जगात फार उरलेली नाहीत, आणि अशा कामातून माणूस घडतो यावर माझा विश्वास आहे. ऑयगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाने जपानी धनुर्विद्येवर १९४८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे पाश्चात्य वाचकांत हा विचार रुजला, की शस्त्राच्या सरावातून अहंकार गळू शकतो. पण एकाग्रता हा गुण स्वतःपुरता अपुरा आहे. विष घोटणाराही एकाग्र असतो. लक्ष पूर्ण तेव्हा होते जेव्हा ते यंत्राच्या दांड्यावर न थांबता काडतुसाच्या मागोमाग शेवटपर्यंत जाते: ते कोण झाडणार, कशावर, आणि उरलेली कोणाच्या हाती पडणार. तसे लक्ष देणाऱ्याला मी साधक म्हणायला तयार आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की ओहायो किंवा अ‍ॅरिझोनातल्या माणसाला आपल्या श्रावकाचाराचे माप का लावायचे? त्याचा धर्म वेगळा, इतिहास वेगळा. १८७० च्या दशकात गव्यांची शिकार करणारे माळरानावरच पुंगळ्या भरत, ही त्याची परंपरा. माझे उत्तर असे की माप कोठे घडले यावरून ते खरे-खोटे ठरत नाही. ती परंपरा स्वतःच साक्ष देते: त्याच शिकाऱ्यांनी लाखोंच्या कळपांचे काहीशे गवे उरवले, आणि तेव्हा हातात अवजार होते, कौशल्यही होते, फक्त किती पुरे हे विचारणारे कोणी नव्हते. अनर्थदंड हाच प्रश्न विचारतो. दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येईल. इतका धोका असेल तर ही यंत्रे वितळवून का टाकू नयेत? तर असे की, आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्राबरोबर विळा, करवत, छापखान्याचे यंत्र आणि लेथही पुसून फुले वाहतात. त्या पूजेत हिंसेचा गौरव नसतो. ज्याच्या बळावर घर चालले आणि ज्याने इजाही होऊ शकते, त्याची आठवण त्यात असते. जुने प्रेस वितळवले तर त्या कारागिरांची बुद्धी जाईल आणि एकही गोळी कमी होणार नाही. आज काडतुसे कारखान्यांतून अफाट वेगाने निघतात. १८६९ पासून चालणारा आपला खडकीचा दारूगोळा कारखाना पुण्याला परका नाही. घरातल्या बाकावरचे हे मंद यंत्र उलट प्रत्येक काडतूस कोणाच्या तरी नजरेखालून जायला लावते.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे परवान्यावाचून काडतूस भरता येत नाही आणि हा छंद इथे जवळजवळ नाहीच, ते ठीकच आहे. जिथे तो कायदेशीर आहे तिथल्या माणसाने यंत्र जरूर राखावे, जरूर चालवावे. मात्र जिवंत प्राण्यावर करमणुकीसाठी झाडायला त्यातले एकही काडतूस भरू नये, लागतील त्याहून जास्त भरू नयेत, आणि भरलेले दुसऱ्याला भेट म्हणूनही देऊ नये. काम संपल्यावर टोपीची नळी आणि दारूचे भांडे रिकामे करूनच बाकावरून उठावे. एवढे पाळले तर तो छंद निर्दोष आहे. यातले एकही सुटले तर यंत्र कितीही लखलखीत असो, तो अनर्थदंडच.