थप्पीजवळ थांबून

सावकाश श्वास घ्या आणि मनानं मनमाडला या. पंजाब-हरियाणाचा गहू रेल्वेनं इथे भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत उतरतो. दार ओलांडलं की आधी बारदानाचा वास येतो. तो येऊ द्या. घाई नाही.

पायाशी बघा. पोती जमिनीला टेकलेली नाहीत. फरशीची ओल लागू नये म्हणून खाली लाकडी चौकटी आहेत. भिंतीपासूनही थप्पी दोन-अडीच फूट लांब आहे. या मोकळ्या पट्टीत जरा उभे राहा. काहींना ती वाया गेलेली जागा वाटते. मला गोदामातली सगळ्यात मोलाची वाटते. इथूनच माणूस थप्पीभोवती फिरतो, पोती मोजतो, सोंड्यांनी पाडलेला भुगा बोटानं चाचपतो, छपराची गळती हेरतो. ही वाट बुजली, तर मागची पोती वहीत राहतात, हाताला लागत नाहीत.

आता नजर वर न्या. एक थर आडवा, पुढचा उभा, म्हणून पोती एकमेकांना धरून आहेत. ५० किलोचं प्रत्येक पोतं कुणाच्या तरी पाठीवरून वर चढलं आहे. त्या पाठीपाशी थांबा. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो या पाठींसाठी.

थप्पीला कार्ड आहे: माल कधी आला, किती गेला, औषध कधी मारलं. आधी आलेला आधी जाणार. घरी आपण डब्यातल्या जुन्या तांदळावर नवा ओततो आणि तळचा तळालाच राहतो. इथे तसं होऊ नये, म्हणून आलेल्या मालाची थप्पी वेगळी लावतात.

कार्डावरच्या वजनाच्या आकड्याकडे आणखी थोडं बघा. उन्हाळ्यात आलेला गहू कोरडा असतो. पावसाळ्यात तो हवेतली ओल पितो आणि एक दाणाही न वाढता वजनाला वाढतो. सुकला की घटतो. म्हणून वजन कमी भरलं की लगेच चोरीचा संशय घेऊ नये, आधी दाण्यातला ओलावा तपासावा.

हीच ओल कामालाही येते. कीड दिसली की थप्पी हवाबंद झाकून आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. ओलाव्यानं त्यांतून विषारी वायू सुटतो. ठरलेले दिवस कुणी जवळ जायचं नाही. मग आच्छादन निघतं, वारा खेळतो, कार्डावर तारीख पडते.

दाराशी ट्रक लागला आहे. कार्डं एकेक करून वाचा आणि सगळ्यात जुनी थप्पी शोधा. पहिलं पोतं तिथूनच निघेल.