कापूस, अग्नी आणि तवक्कुल



कापूस म्हटले की आपल्या जालना जिल्ह्यात पेरणी, वेचणी आणि बाजारभाव आठवतो. परंतु इस्लामी तत्त्वज्ञानातील एका थोर वादाचे उदाहरणही हाच कापूस आहे.

इमाम गझाली (1058–1111) यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथात प्रश्न केला : अग्नीचा स्पर्श होताच कापूस जळतो, पण त्याला जाळतो कोण? ग्रीक विचारांचा वारसा लाभलेले तत्त्वज्ञ म्हणत, अग्नी स्वभावतःच जाळतो. ते अटळ आहे. गझालींचे उत्तर असे : स्पर्शानंतर ज्वलन होते, एवढेच डोळ्यांना दिसते, स्पर्शामुळेच ते होते, हे दिसत नाही. निर्जीव अग्नी कर्ता कसा असेल? कर्ता अल्लाहच आहे.

पुढे कुर्तुबा येथील काझी इब्न रुश्द (1126–1198) यांनी ‘तहाफुतुत तहाफुत’ लिहून प्रतिवाद केला. कारणे नाकारणे म्हणजे बुद्धीच नाकारणे. कारण वस्तूंना त्यांच्या कारणांसह जाणणे, हेच बुद्धीचे कार्य आहे. मात्र ही कारणे स्वयंपूर्ण नाहीत, त्यांनाही एका कर्त्याची गरज आहे, हे त्यांनीही मानले.

हा वाद केवळ मदरशातील ग्रंथांपुरता नाही. तो आपल्या बांधावरचा आहे. सूरह वाकिआमध्ये (56:63–64) अल्लाह पेरणाऱ्यालाच विचारतो, की पीक उगवणारे तुम्ही आहात की आम्ही?

काहीजण यातून आळसाचा अर्थ काढतात : सर्व अल्लाहच करतो, मग फवारणी कशाला, औषधोपचार कशाला? गझालींनी ही पळवाट स्वतःच बंद केली. बी न पेरता पिकाची आशा धरणे हा तवक्कुल नव्हे, वेडेपणा आहे, असे त्यांनी ‘इह्या’मध्ये बजावले. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही हीच : आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा.

आता दुसरी बाजू पाहा. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस पोखरला. बियाणे, खत, मेहनत, कशातही कसूर न केलेल्यांचीही बोंडे किडली. अशा वेळी माणूस स्वतःलाच अपराधी ठरवतो आणि कर्जाच्या ओझ्याखाली जीव नकोसा होतो. त्याला सांगा : प्रयत्न तुझ्याकडे होता, फळ तुझ्या हाती नव्हते. बुडालेले पीक हा तुझ्या योग्यतेचा निवाडा नाही. अल्लाह प्रयत्नांचा हिशेब घेईल, क्विंटलांचा नव्हे.

परंतु नुसते सांगून आपली जबाबदारी संपत नाही. शेजाऱ्याची निराशा दूर करण्याचीही कारणे असतात, आणि त्यांपैकी एक कारण अल्लाहने तुम्हाला बनवले आहे. सूरह बकरामध्ये (2:280) अडचणीतील कर्जदाराला मुदत देण्याचा आदेश आहे. कर्ज माफ करणे त्याहून उत्तम म्हटले आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी माणसाचाही समावेश आहे (9:60). तुमचे कोणाकडे येणे असेल, तर या हंगामात तगादा लावण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन त्याची परिस्थिती पाहा.

हे अल्लाह, आमच्या हातांना कष्टाची, बुद्धीला विचाराची आणि अंतःकरणाला भरवशाची देणगी दे. आमीन.