शिक्षकाची माया : कृपा की कर्तव्य?

शिक्षकाने विद्यार्थ्यास विद्या द्यावी, याविषयी कोणाचा मतभेद नाही. परंतु त्याने विद्यार्थ्यास जिव्हाळाही द्यावा काय, आणि द्यावयाचा तर तो शिक्षकाच्या स्वभावाचा गुण समजावा की त्याच्या व्यवसायाचे ऋण समजावे, असा प्रश्न केला असता आपली उत्तरे डळमळू लागतात. मायाळू शिक्षक लाभणे हे नशीब, असे आपण सहज म्हणून जातो. नशिबाने मिळणाऱ्या वस्तूवर कोणाचा हक्क नसतो. तेव्हा या बोलण्यातच प्रश्नाचा निकाल नकळत लागलेला असतो. तो निकाल बरोबर आहे काय, हे पाहावयाचे आहे.

या प्रश्नाचे मोल मंगळवेढ्यास इतर गावांहून अधिक कळावयास हवे. चोखोबा येथले. गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्ये त्यांचा अंत झाला, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत त्यांना घर नव्हते, तेच कूस बांधताना ते गेले. आणि ज्या देवाने त्यांना जवळ केले असे सर्व संत म्हणतात, त्या देवाच्या दाराबाहेरच त्यांना विसावा मिळाला. चोखोबांना प्रेम मिळाले, प्रवेश मिळाला नाही. दया आणि आपलेपणा या दोन वस्तू भिन्न आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. दया दाराबाहेर उभ्या असलेल्यावरही करता येते. आपलेपणा दार उघडल्यावाचून संभवत नाही.

शाळेलाही असे एक न दिसणारे दार असते. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाचे नाव पटावर होते. पण त्याने घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसावयाचे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच सोसावयाची, असा तेथला परिपाठ होता. मुलगा इमारतीच्या आत होता, शाळेच्या बाहेर होता. पुढे मुंबईस चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचीत बसणारा हाच मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या दृष्टीस पडला. केळुसकर शिक्षक होते, पण त्याच्या शाळेचे नव्हेत. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली, १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजांपाशी शब्द टाकला. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा हे एक नाव आहे. दाराबाहेरचे जिणे कसे असते, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रेम ही भावना आहे. ती आज्ञेने उत्पन्न होत नाही. मग तिचे कर्तव्य कसे होईल? कांट या तत्त्ववेत्त्याने या कोड्याची उकल १७८५ सालीच केली आहे. भावनारूप प्रेमाची आज्ञा करता येत नाही, आचरणरूप प्रेमाची करता येते, असे त्याचे म्हणणे आहे. ते शाळेस तंतोतंत लागू पडते. साठ मुलांपैकी प्रत्येकाविषयी शिक्षकाच्या मनात सारखीच ओढ वाटावी, अशी मागणी कोणी करू नये; पण प्रत्येकाचे नाव त्यास ठाऊक असावे, आणि गैरहजर मुलाची उणीव त्यास जाणवावी, ही मागणी न्याय्य आहे. ओढ आपल्या हाती नसते, अवधान असते.

दुसरा आक्षेप असा की, मायेत पक्षपात येतो आणि शिस्त सैल होते. निव्वळ ओढीवर सोपविलेल्या मायेत पक्षपात येतो, हे खरेच. हुशार व चुणचुणीत मुलाकडे ती आपण होऊन वळते. पण कर्तव्य म्हणून दिलेले अवधान नेमके उलट दिशेने जाते. जो मुलगा ते मागत नाही, त्याच्याकडे ते प्रथम जाते. शिस्तीचे म्हणाल, तर ज्यास आपण येथले वाटतो, त्यालाच येथले नियम आपले वाटतात.

आमच्या या दुष्काळी मुलखात दिवाळीच्या सुमारास कित्येक मुले आईबापांबरोबर ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलास वर्गात पाऊल ठेवताच प्रश्न होतो, “इतके दिवस कोठे होतास?” शब्द हेच, पण त्यांत दरडावणी असू शकते आणि वाट पाहणेही असू शकते. मुलगा दुसऱ्या दिवशी येणार की कायमचा कोयता उचलणार, हे पुष्कळदा एवढ्याशा फरकावर ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारहाण व मानसिक छळ यांस मनाई केली, हे योग्यच झाले. कायदा दरडावणीस आवर घालू शकतो. वाट पाहण्याचे काम मात्र शिक्षकासच करावे लागते.

ते काम कसे करावे, याचा धडा अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी घालून दिला. मुलांच्या खोल्या त्यांनी स्वतः झाडल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. तेच गुरुजी पुढे १ मे १९४७ रोजी विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरास उपोषणाला बसले, आणि ते दार उघडले. ही दोन कामे वेगळी मानण्याचे कारण नाही. छात्रालयात ज्याने कोणा मुलास परका मानिले नाही, त्यास देवळाच्या दाराशी कोणी परका राहिलेला पाहवणार कसा?

म्हणून शिक्षकाची माया ही कृपा नव्हे. कृपा करणाऱ्याचे उपकार मानावयाचे असतात, आणि उपकाराखाली दबलेल्या मुलास मान वर करून बसता येत नाही. पटावर नाव घातले त्याच क्षणी शाळेने त्या मुलास ‘तू येथला’ असे वचन दिलेले असते. शिक्षकाने ते रोज पाळावयाचे असते, एवढेच.