आपला संघ आणि बाहेरचा गडी

क्रीडांगणावरील हारजीत ही क्षुद्र गोष्ट होय, असे म्हणण्याची विद्वज्जनांत एक रीत आहे. परंतु ज्या गोष्टीपायी सहस्रावधी शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडचे अन्न बेचव होते, ती गोष्ट अगदीच क्षुद्र असेल असे आम्हांस वाटत नाही. निदान तिच्या आश्रयाने मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडते ते तरी विचार करण्याजोगे खास आहे. आम्ही येथे त्यांतील एकच प्रश्न विचारास घेणार आहोत. आपला पक्ष सतत हरत आहे, मोसम संपला आहे, पुढच्या मोसमास अवकाश आहे. अशा या मधल्या काळात त्या पक्षाचा चाहता मनाशी जे हिशेब मांडतो, म्हणजे अमका बाहेरून आणावा, तमक्यास निरोप द्यावा, मग पाहा पुढच्या वर्षी काय होते ते, या हिशेबांची नैतिक किंमत काय?

हा प्रश्न आमच्या विदर्भात केवळ काल्पनिक नाही. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ साली सुरू झाले तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड या नावाने आमच्या मुलखाचा संघ त्यांत होता. विदर्भ या नावाने तो १९५७-५८ पासून खेळू लागला. पुढील साठ वर्षांत त्याला एकदाही अंतिम सामना पाहावयास मिळाला नाही. मुंबईने चषकांची रास घरी न्यावी व विदर्भाने दुय्यम गटात चाचपडत राहावे, ही जणू सृष्टीची व्यवस्थाच होऊन बसली होती. वाशीम, मंगरूळपीर किंवा रिसोड येथील क्रिकेटवेड्या माणसास तर या संघाचे दर्शन वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील चार ओळींतच व्हावयाचे. तरीही दर वर्षी उन्हाळ्यात त्याची आशा नवी पालवी धरीत असे.

उन्हाळा हा आमच्याकडे माणसे ठरविण्याचा काळ आहे. वऱ्हाडात गुढीपाडव्यास जुन्या सालगड्याचे साल भरते व नवा गडी ठरतो. गेल्या साली कपाशी हातची गेली, तूर शेंगेवर येण्यापूर्वीच सुकली, हे सारे विसरून शेतकरी त्या दिवशी नव्या गड्याकडे मोठ्या भरवशाने पाहतो. क्रिकेटच्या संघांचेही असेच आहे. आपल्या राज्याच्या संघटनेचे ना-हरकत पत्र घेऊन खेळाडू दुसऱ्या राज्याकडे जाऊ शकतो, व एका संघास असे तीन बाहेरचे गडी घेता येतात. विदर्भाने या सवलतीचा उपयोग केला. तामिळनाडूचे बद्रीनाथ आले, कर्नाटकाचे गणेश सतीश आले, मुंबईचे वसीम जाफर आले. २०१७ साली चंद्रकांत पंडित यांच्या हाती शिक्षकपद देण्यात आले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीस नऊ गडी राखून हरवून विदर्भाने करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी नागपुरास सौराष्ट्राला नमवून तो राखिला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये केरळावर पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तो तिसऱ्यांदा मिळविला.

येथे आमचा शंकेखोर मित्र विचारतो, "हा विजय विदर्भाचा कसा? शिक्षक मुंबईचा, फलंदाज मुंबईचा व बंगळूरचा; तुमचे म्हणून त्यांत उरले काय? मोल देऊन आणलेल्या माणसांचे यश म्हणजे मोल देऊन आणलेले यश!" प्लूटार्काने थीसिअसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. जुनी फळी कुजली की अथेन्सचे लोक तेथे नवी बसवीत. अशा रीतीने सर्व फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच म्हणावे की दुसरे, यावर तत्त्ववेत्ते वाद करीत राहिले. संघाचे तर याहून कठीण. जहाजाच्या फळ्यांस निदान आपण कोणत्या अरण्यातून आलो याची जाणीव नसते. माणसास ती असते.

परंतु ज्या वाशीमच्या मातीत बसून आमचा मित्र ही शंका घेतो, त्याच मातीने या शंकेचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेविले आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत अशी कथा रचिली आहे की, सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून देशोदेशी भटकत निघाला व त्यास वश करण्यासाठी गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग गेली. अनेक देश त्यांनी पालथे घातले. पण दोघांचा विवाह झाला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. दोघेही बाहेरचेच! तरी आम्ही ती कथा मोठ्या अभिमानाने सांगतो, कारण जन्म कोठे झाला यापेक्षा मीलन कोठे झाले याला आम्ही अधिक मान देतो. याच्या उलट उदाहरण आमच्या कारंजाचे. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म कारंजास झाला. पण त्यांचे कार्य नरसोबाच्या वाडीस व गाणगापुरास विस्तारले. म्हणून कारंजाने त्यांस परके मानिले नाही, आणि गाणगापुरानेही "हे वऱ्हाडचे, आमचे नव्हत" असे म्हटले नाही. मनुष्य जेथे आपले कर्म ओततो तेथला तो होतो. व जेथून आला तेथलाही राहतो. आपलेपणा ही वाटून घेतल्याने कमी होणारी वस्तू नव्हे.

याच कसोटीवर जाफर यांच्याकडे पाहावे. आधीच्या मोसमात दुखापतीमुळे त्यांस खेळता आले नव्हते. म्हणून २०१७-१८ च्या मोसमात त्यांनी कराराचा पैसा न घेता खेळ केला. वयाची चाळिशी समोर दिसत असता, स्वतःच्या नावावर पूर्वीच अनेक करंडक असता, जो मनुष्य असे करतो त्यास भाडोत्री म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. कराराने संबंध जडतो हे खरे; पण तो करारापाशीच थांबतो असे नाही. सालगडी करारानेच येतो. तथापि ज्या घरी तो पोरास खांद्यावर घेऊन बैलपोळ्यास निघतो, त्या घराचा त्याच्याशी असलेला संबंध केवळ पायलीच्या हिशेबाने मोजता येत नाही.

इतके म्हटल्यावर प्रश्न संपला असे कोणी समजू नये. त्याची खरी धार पुढेच आहे. बाहेरच्या गड्यास जागा द्यावयाची म्हणजे घरच्या कोणाची तरी जागा काढून घ्यावयाची. संघात अकराच असतात. अकरा जिल्ह्यांचा विदर्भ. त्यांतील एखाद्या तालुक्याच्या गावी पहाटे उठून काळ्या मातीवर चेंडू टाकणारा मुलगा आहे असे समजा. त्याच्या बापाने कर्ज काढून त्यास नागपुरास ठेविले आहे. तीन जागा पाहुण्यांस गेल्या. उरलेल्या आठांत त्याचा क्रम नववा लागला. चाहत्याच्या हिशेबात ही एक रेघ मारण्याची गोष्ट आहे; त्या मुलाच्या आयुष्यात ती सारे आयुष्य आहे. विजयाच्या जल्लोषात या नवव्याची आठवण कोणास होते?

यावर विदर्भाच्या इतिहासाने अंशतः समाधानकारक उत्तर दिले आहे. बाहेरच्या गड्यांबरोबरच येथील तरुणांस घडविण्याची व्यवस्था नागपुरास चालू राहिली. म्हणूनच इंदूरच्या अंतिम सामन्यात लागोपाठ तीन बळी घेणारा रजनीश गुरबानी व शतक ठोकणारा अक्षय वाडकर हे घरचेच होते. २०२५ च्या अंतिम सामन्यात तर या प्रश्नाचे चित्रच पाहावयास मिळाले. विदर्भाचे तीन गडी अवघ्या २४ धावांत परतले असता एकवीस वर्षांचा दानिश मालेवार व पाहुणा करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारने १५३ धावा काढिल्या, नायर ८६ वर धावबाद झाला. समोरच्या टोकास उभा राहून नवख्यास धीर देणारा पाहुणा हा त्याची जागा हिरावणारा नव्हे, त्याची जागा पक्की करणारा ठरतो. पाहुण्यास बोलाविण्याचे नैतिक समर्थन आमच्या मते येथेच आहे: त्याच्या येण्याने घरचा मोठा होतो की खुजा, हे पाहावे. केवळ यंदाचा करंडक हा निकष लाविला तर प्रत्येक पाहुणा समर्थनीय ठरेल व प्रत्येक घरचा तरुण अडगळ ठरेल.

त्याच सामन्यातील आणखी एक गोष्ट चाहत्याने विसरू नये. केरळाकडून ७९ धावा काढून विदर्भास चिंतेत टाकणारा आदित्य सरवटे हा आमचाच. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन ज्याने विदर्भास करंडक दिला, तोच आता केरळाचा पाहुणा होता. आणि ज्याचे घराणे केरळाचे, तो नायर विदर्भाकडून लढत होता! नायरला आपला म्हणून कवटाळणाऱ्याने सरवटेला फितूर म्हणावे, हे कोणत्या न्यायात बसते? पुढे नायरही कर्नाटकास परत गेला. जो नियम आपल्या घरी येणाऱ्यास लागू, तोच आपल्या घरातून जाणाऱ्यास लागू करणे, ही नीतीची पहिली पायरी आहे, आणि चाहत्याची बुद्धी नेमकी त्याच पायरीवर घसरते.

आता आशेविषयी. उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीच्या संघांनी एक चमत्कारिक व्यवस्था १९६३ पासून चालविली आहे. नव्या तरुण खेळाडूंची निवड करताना दुबळ्या संघास आधी संधी मिळावी, हे तिचे तत्त्व. हेतू समतेचा, म्हणून स्तुत्य. पण त्यातून असे झाले की हरण्यातच फायदा दिसू लागला. तो मोह आवरण्यासाठी १९९५ पासून चिठ्ठ्यांची योजना करावी लागली. तेथे आपल्याच संघाने उरलेले सामने हरावेत अशी प्रार्थना करणारे चाहते निपजतात! आशा उद्यावर इतकी खिळते की तिला आजचा पराभव गोड लागतो. आणि ज्या टोरांटोच्या संघाने १९६७ नंतर २०२५ पर्यंत एकदाही अजिंक्यपद पाहिले नाही, त्याच्या मागेही पिढ्यान्‌पिढ्या माणसे उभी आहेत. यांपैकी कोणाची आशा खरी? आमच्या मते दुसऱ्यांची. पहिल्यांची ती आशा नव्हे, सौदा होय.

गीतेने फलाची आसक्ती सोडून कर्म करावयास सांगितले. चाहत्याची स्थिती बरोबर उलटी आहे: त्याच्या हाती कर्म नाही, केवळ फलाची आसक्ती आहे. पेरणीपूर्वी आभाळाकडे पाहणारा शेतकरी निदान नांगरून बसलेला असतो. चाहत्याने काहीच नांगरलेले नसते. मग त्याच्या आशेस नैतिक आधार कोणता? आम्हांस वाटते, त्याच्याही वाट्यास एक कर्म आहे, व ते म्हणजे न्यायबुद्धी राखणे. खेळाडूस केवळ साधन मानू नये, हा कांटचा उपदेश त्याला येथे आचरता येतो. ज्यास निरोप द्यावा असे वाटते त्याने आजवर काय दिले ते मोजूनच निरोपाचा उच्चार करावा. पाहुण्याचे स्वागत करताना नवव्या मुलाचे नाव विसरू नये. आणि संघ पुन्हा तळाशी गेला, जसा तो एक ना एक दिवस जाईलच, तरी आपली जागा सोडू नये.

साठ वर्षे वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील त्या चार ओळी वाचणाऱ्यांनी करंडक जिंकिला नाही, हे खरे. पण करंडक आला तेव्हा तो ज्या घरी यावयाचा ते घर त्यांनी उभे ठेविले होते. बाहेरचा गडी येतो, साल भरते, जातो. घर राखणारे मात्र घरीच राहतात; आणि पाहुणा कोणाच्या घरी आला हे त्यांच्याचमुळे सांगता येते.