उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. ज्याला उमेद आहे, जो आशेवर आहे, तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांतून पगारी जागा मोकळी होण्याची वाट पाहत बिनपगारी लेखणी झिजविणारा जो तरुण असे, त्याला हें नांव होतें. आणि ‘उमेदवारी करणें’ या प्रयोगांत कष्ट, आशा आणि थोडी लाचारी हीं तिन्ही एकत्र नांदत असत. पुढें निवडणुका आल्या आणि मतें मागणाऱ्यांनीं हा शब्द पळविला. तथापि त्याचा मूळ अर्थ अजून पुरता मेलेला नाहीं. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांतील कारखान्यांत आय. टी. आय. होऊन आलेला जो मुलगा यंत्रापाशीं उभा राहतो, त्याला सरकारी मराठींत ‘शिकाऊ उमेदवार’ असेंच म्हणतात. आणि याच पट्ट्याच्या कडेला, वाकडहून मुळा ओलांडून बालेवाडीच्या क्रीडासंकुलाकडे गेलें म्हणजे आणखी एका जातीचे उमेदवार भेटतात. त्यांच्या उमेदीचें नांव कबड्डी. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्याविषयीं आहे. पण जो प्रश्न मला विचारावयाचा आहे तो कचेरींतल्या आणि कारखान्यांतल्या त्यांच्या भावंडांनाही लागू पडतो. पुष्कळांना आशेला लावून त्यांतून थोडे निवडणें हें ज्या संस्थेचें कामच आहे, तिच्यावर न निवडलेल्यांचें कांहीं ऋण राहतें काय?

आमचे वडील ज्याला हुतूतू म्हणत त्या खेळाची व्यावसायिक लीग २०१४ सालीं सुरू झाली आणि पुण्याचा ‘पुणेरी पलटण’ हा संघ पहिल्या वर्षापासून तींत आहे. अशा लीगमध्यें खेळाडू लिलावांत बोली लावून घेतात, हें आतां शाळकरी पोरांनाही ठाऊक असतें. पुण्याच्या संघचालकांनीं त्याच्या जोडीला दुसरा मार्ग धरला. लहान वयाचे खेळाडू गोळा करून, त्यांना आपल्या देखरेखीखालीं वाढवून, त्यांतून पुढचा संघ उभा करावयाचा. या धाकट्या संघाला त्यांनीं ‘युवा पलटण’ असें नांव दिलें. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे याच वाटेनें वर आले. आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस पुण्यानें हरियाणाच्या संघाला २८ विरुद्ध २५ गुणांनीं हरवून विजेतेपद मिळविलें, तेव्हां कर्णधार इनामदारच होते. विकत घेण्यापेक्षां वाढविणें बरें, हें त्या दिवशीं सर्वांना पटलें. मलाही पटलें. पैशानें माणूस उचलून आणण्यापेक्षां त्याला घडविण्यांत अधिक माणुसकी आहे, याविषयीं माझ्या मनांत संशय नाहीं. परंतु सामन्याला सात जण मैदानांत उतरतात आणि पांच राखीव बसतात. बारांच्या या पंगतीकडे डोळे लावून बसलेले किती, याची कल्पना ज्यानें एखाद्या निवडचांचणीच्या दिवशीं सकाळीं मैदानाबाहेरची रांग पाहिली आहे त्यालाच येईल.

या पद्धतीचा मूळ पुरुष अमेरिकेंत झाला. तेथील बेसबॉल या खेळांत सेंट लुई येथील कार्डिनल्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं १९२० च्या सुमारास एक युक्ति काढली. श्रीमंत संघांशीं बोलींत टिकाव लागेना, म्हणून त्यांनीं लहान लहान गांवांचे दुय्यम संघ ताब्यांत घेतले, त्यांत शेंकडों पोरें भरलीं आणि पिकतील तीं वर काढलीं. या व्यवस्थेला तेथें ‘शेती’ असेंच म्हणतात. भरभराटीच्या काळांत त्यांच्या हाताखालीं तिसांवर संघ होते. १९३८ सालीं बेसबॉलचे आयुक्त, पूर्वाश्रमीचे न्यायाधीश लँडिस, यांनीं या शेतांतले सत्तरांहून अधिक खेळाडू एका हुकमानें मोकळे केले. कारण त्यांना दाबून ठेवण्यांत आलें होतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण पद्धति टिकली आणि सर्व संघांनीं ती उचलली. या दुय्यम खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यांतून वगळणारा कायदा २०१८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें केला. आणि त्यांची संघटना होऊन पहिला करार व्हावयास २०२३ साल उजाडावें लागलें. शंभर वर्षें!

शेतीची ही उपमा मला फार बोलकी वाटते. आपला शेतकरी बाजरी दाट पेरतो आणि उगवून आल्यावर विरळणी करतो. उपटलेल्या रोपाचा त्यांत अपराध नसतो. तें खुरटेंच असतें असेंही नाहीं. तें फक्त जास्त असतें. शेतकऱ्याचा व्यवहार निर्दोष आहे, कारण रोपाला उमेद नसते. माणसाच्या पोराला ती असते. किंबहुना तीच या शेतीचें पाणी आहे. ती नसती तर पहांटे पांचाला उठून गुडघे फोडून घ्यावयास कोण आलें असतें?

येथें एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधावेंसें वाटतें, कारण तिचा विचार आमच्या नीतिशास्त्राच्या वर्गांतही क्वचितच होतो. शंभर मुलें घेतलीं आणि पांच निघालीं, तर संस्थेचा हिशेब जमतो. कोणतीं पांच, याच्याशीं तिला कर्तव्य नाहीं. तिच्यापाशीं सरासरी आहे. मुलापाशीं सरासरी नाहीं. त्याला चौदा ते बावीस हीं वर्षें एकदांच मिळतात, आणि तीं तो समग्र डावावर लावतो. एकच करार, पण एका पक्षाला तो विम्यासारखा सुरक्षित, आणि दुसऱ्याला सोंगट्यांच्या एका दानासारखा. मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवूं नये, हें कांटचें वचन आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों. त्याचा भंग चाबकानेंच होतो असें नाहीं. दूध, अंडीं, उत्तम मॅट आणि प्रेमळ शिक्षक देऊनही तो होऊं शकतो.

यावर दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें असें कीं, मुलगा आपखुशीनें आला. खरें आहे. पण संमतीला ज्ञानाची जोड लागते. किती आले, किती निघाले आणि उरलेल्यांचें काय झालें, हे आंकडे संस्थेच्या कपाटांत असतात. मुलाला दाखविलें जातें तें विजेत्याचें छायाचित्र. दुसरें उत्तर जास्त उदात्त आहे. फळाची आशा धरूं नये. खेळानें शरीर कमावलें, शिस्त लागली, हेंच फळ नव्हे काय? निष्काम कर्माचा हा उपदेश ऐकला कीं मला नेहमीं उपदेशकाकडे वळून पाहावेंसें वाटतें. ज्याची स्वतःची दृष्टि तिकिटांच्या विक्रीवर आणि चषकावर खिळलेली आहे, त्यानें सतरा वर्षांच्या मुलाला फलत्याग सांगावा, हें गीतेचें अनुसरण नसून तिचा सोयीस्कर उपयोग आहे. मुलानें तें स्वतःला सांगितलें तर मी त्याला नमस्कार करीन.

शिवाय न निवडलेला मुलगा रिकाम्या हातीं आला आणि रिकाम्या हातीं गेला, हा समजच चुकीचा आहे. कबड्डी एकट्यानें शिकतां येत नाहीं. धांवणारा रस्त्यावर एकटा धांवूं शकेल. चढाई करणाऱ्याला समोर सांखळी लागते. त्याच्या पायांत जी चपळाई आली ती कोणाच्या तरी पकडींतून हजार वेळां निसटून आली, आणि पकडणारे ते हात बहुतेक पुढें कधींच दूरदर्शनवर दिसले नाहींत. ज्याला आपण ‘घडलेला खेळाडू’ म्हणतों तो या अनामिकांच्या अंगावर घडलेला असतो. तेव्हां त्यांना कांहीं देणें हें दान होत नाहीं. ती मजुरी आहे, आणि थकलेली आहे.

आतां कारखान्यांतल्या उमेदवाराकडे वळूं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें त्याला कामगार मानलेलें नाहीं. तो विद्यावेतनावर असतो. आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं. हा कायदा उदार आहे असें कोणी म्हणणार नाहीं. चाकणच्या बाजूला त्याच्या आडोशानें स्वस्त मजूर मिळविण्याचे प्रकार चालतात, अशी तक्रार कामगारांच्या तोंडून ऐकूं येते, आणि ती सर्वस्वीं खोटी असेल असें वाटत नाहीं. तरीही या कृपण कायद्याला एक गोष्ट समजली आहे, जी खेळाच्या शेतकऱ्यांना अद्याप समजावयाची आहे. मुदत आधीं ठरलेली असते, आणि परीक्षा उतरल्यावर मुलाच्या हातीं एक प्रमाणपत्र पडतें. मोठ्या कारखान्यानें ठेवला नाहीं तर तो भोसरीच्या एखाद्या लहान शेडमध्यें जाऊन लेथ चालवितो. त्याचा हात जगाच्या बाजारांत चालतो. घोटा पकडण्याची विद्या घेऊन चोविसाव्या वर्षीं घरीं परतलेल्या मुलानें कोणत्या शेडचें दार ठोठवावें? सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पांच टक्के राखीव जागा आहेत. पण त्यांना पदकें लागतात, आणि आपण बोलत आहों तो मुलगा नेमका पदकावांचून परतलेला आहे.

जुन्या तालमींचा काळ बरा होता, असें मात्र मी म्हणणार नाहीं. संस्थानें विलीन झालीं, खुराक बंद झाला, आणि नामांकित मल्लांचें म्हातारपण कसें गेलें हें कोल्हापूरकडच्या लोकांना सांगावयास नको. पण त्या काळांतली एक गोष्ट मला या प्रश्नाच्या संदर्भांत वारंवार आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले होते. म्हणजे पदकाच्या हिशेबानें ते अयशस्वी उमेदवारच होते. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयास पैसे नव्हते, तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जाधवांनीं कांस्यपदक आणलें, म्हणून ही गोष्ट आपण सांगतों. तें आलें नसतें तरी खर्डेकरांच्या कृतीचें मोल तिळभरही घटलें नसतें. एकाच डावावर सर्वस्व लावणाऱ्या मुलाशेजारीं एक वडीलधारा मनुष्य तितकीच पणाला लागेल अशी वस्तु घेऊन बसला होता. आमच्या व्यवसायांत असे प्राचार्य थोडेच होतात, हें कबूल केलें पाहिजे.

सर्वांनींच घरें गहाण ठेवावीं असा आग्रह धरणें हास्यास्पद होईल. सोपे मार्गही आहेत. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २००९ सालीं राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनींत दाखल झाले. २०२४ सालीं पॅरिसला नेमबाजींत त्यांना कांस्यपदक मिळालें. पण त्याच्या नऊ वर्षें आधींच मध्य रेल्वेची नोकरी त्यांच्या हातीं होती. हुकलें असतें तरी दुसऱ्या दिवशीं कामावर जावयाचें ठिकाण होतें. तेवढ्यानें नेम बिघडला नाहीं, उलट स्थिरावला असावा.

माझ्याकडे पालक येतात. मुलगा चांगला खेळतो, अमक्या प्रबोधिनींत घेतात म्हणतात, बारावीचें वर्ष सोडूं द्यावें काय, असें विचारतात. मी त्यांना सांगतों कीं, भिंतीवरचीं छायाचित्रें पाहून झालीं म्हणजे गेल्या पांच वर्षांत येथून कोण कोण परत गेले आणि ते आज काय करतात, याची यादी मागा. दोन-तीन ठिकाणीं मीं स्वतः ती मागून पाहिली. त्यांचीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं. वर उल्लेखिलेल्यांपैकीं त्यांत कोणी नव्हतें. उत्तर देणारे गृहस्थ सर्वत्र सौजन्यशील होते. एकानें तर कपाटांतून जुना हजेरीपट काढून माझ्यापुढें उघडून ठेवला. गेलेल्या मुलांच्या नांवांवर तांबड्या शाईची रेघ मारलेली होती, पुढें तारीख होती, आणि शेऱ्याचा रकाना प्रत्येक पानावर कोरा होता.