छावणीचे पावित्र्य

बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकात, २३व्या अध्यायात, युद्धाला निघालेल्या सैन्यासाठी एक नियम सांगितला आहे. शौचाला छावणीबाहेर नेमलेल्या जागी जायचे, हत्यारांबरोबर खणायचे साधन बाळगायचे, खड्डा करायचा आणि उठल्यावर मळ मातीने झाकायचा. कारण दिले आहे ते असे, की ईश्वर छावणीतून फिरत असतो आणि ओंगळ काही दिसले तर तो पाठ फिरवील. रोगराईचा तिथे उल्लेखही नाही. मग हा धर्म म्हणायचा, की धर्माच्या नावाने सांगितलेले आरोग्यशास्त्र?

बाराव्या शतकातला यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस स्वतः वैद्य होता. त्याने या नियमाचे दोन्ही हेतू मान्य केले: स्वच्छता, आणि ईश्वर आपल्यात वावरतो हा सैनिकांचा विश्वास. मेरी डग्लस यांनी १९६६ साली ‘प्युरिटी अँड डेंजर’मध्ये शुद्धीच्या नियमांना आरोग्याच्या सोयीपुरते आणून ठेवायला ठाम विरोध केला. घाण म्हणजे आपली जागा सोडून आलेली वस्तू, असे त्यांचे म्हणणे. ते एरवी पटते. छावणीत मात्र अपुरे पडते, कारण तिथे जागा सोडलेला मळ माणसे मारतो.

१८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपले, तेव्हा अमेरिकेने स्वयंसेवकांना आपल्याच भूमीवरच्या छावण्यांत शिकवायला घेतले. तिथे विषमज्वर पसरला. वॉल्टर रीड, व्हिक्टर वॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर यांच्या मंडळाने ९२ पलटणींत २०,७३८ रुग्ण आणि १,५८० मृत्यू मोजले. शौचाच्या चरांत चुना टाकलेला असे. त्याच चुन्याने पाय पांढरे झालेल्या माश्या जेवणाच्या तंबूत अन्नावर चालताना दिसल्या. हगवण आणि आमांश याच वाटेने येतात. शिगेला जातीचे शंभराच्या आतले जंतूसुद्धा धडधाकट जवानाला आडवे करू शकतात.

जंतूंचे ज्ञान तेव्हा डॉक्टरांना होतेच. ज्ञान तोकडे पडते ते दुसऱ्या कारणाने. रात्री, पावसात, दिवसभराच्या कवायतीने अंग मोडलेले असताना एकटा जवान परसाकडे जातो. माती लोटली नाही तरी त्याचे स्वतःचे काही बिघडत नाही. बिघडते ते शेजारच्या तंबूतल्याचे. स्वतःच्या जिवाची भीती इथे कामाला येत नाही आणि पाहणाराही कोणी नसतो. पावित्र्याची कल्पना नेमकी याच जागी उभी राहते. ती आरोग्याचे सोंग नव्हे. जे आपल्या फायद्याचे नाही तेही आपले कर्तव्य आहे, असे ती सांगते. ईश्वर न मानणाऱ्यालाही सोबत्यांच्या नात्याने हे कर्तव्य पाळता येते.

पावित्र्याच्या कल्पनेची मर्यादाही तेवढीच खरी आहे. ओंगळपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. स्वच्छ भासणारे पाणी आणि न धुतलेले हात तिच्या नजरेतून निसटतात. शिवाय शुद्धीच्या आग्रहातून आजाऱ्याला हीन लेखले जाते. सरावात जुलाब लागलेला जवान कामचुकार ठरण्याच्या भीतीने गप्प राहतो, आणि तो स्वयंपाकी असेल तर सगळी तुकडी आजारी पडते. ‘अनुवाद’च्या त्याच अध्यायात, शौचाच्या नियमाच्या आधीच्या ओळींत, यावर एक तोड सापडते: रात्री अशुद्ध झालेला सैनिक छावणीबाहेर जातो, संध्याकाळी स्नान करतो आणि सूर्यास्तानंतर परत येतो. त्याला ना दोष लावला आहे, ना शिक्षा सांगितली आहे. जुलाब लागलेल्या स्वयंपाक्याला याच वृत्तीने मुदपाकखान्यातून दूर ठेवले आणि बरा झाल्यावर पुन्हा कामावर घेतले, तर आजार लपवण्याचे त्याला कारणच उरत नाही.